गुरुवारी दोन वाजता, कुश्शारोच्या काठी

होक्काइदोला लोक थंड हवा खायला जातात, फुलांची शेतं बघायला जातात, हिवाळ्यात बर्फात घसरायला जातात. आम्ही गेलो ते माफी मागायला. वाटेत ज्वालामुखी लागले, तळी लागली, आणि ती जन्मात एकदा पाहावीत अशी आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलही लिहिते. पण जाण्याचं कारण ते नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

भूकंपाच्या वर्षी आम्ही त्सुकुबाला राहत होतो. सुहास, म्हणजे माझा नवरा, तिथल्या एका संशोधन संस्थेत होता. इरा तीन वर्षांची होती. शेजारच्या दारात ओकुदा-सान राहायच्या. साठी ओलांडलेल्या, बारीक, ताठ. नवरा पक्षाघाताने सहा वर्षं अंथरुणाला खिळलेला. भूकंपात आमचं पाणी गेलं. जपानी माणसं आंघोळीनंतर टबातलं पाणी सोडून देत नाहीत, ते का, हे मला त्या आठवड्यात कळलं. ओकुदा-सानच्या भरलेल्या टबातल्या पाण्यावर आमच्या दोन घरांनी चार दिवस काढले. त्या स्वतः बादली आणून दारात ठेवायच्या. जमीन हलली की इरा माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पळायची.

मग फुकुशिमाच्या बातम्या यायला लागल्या. पुण्याहून दर तासाला फोन. 'मुलीला घेऊन निघा!' सुहासच्या लॅबमधल्या एकाने विमानतळापर्यंत गाडीतून नेतो म्हणून सांगितलं, आणि आम्ही पहाटे निघालो. व्हरांड्यात बॅगांची चाकं वाजू नयेत म्हणून त्या हातात उचलून नेल्या. सुहास कुजबुजला, "बेल वाजवू या का?" मी म्हटलं, "नको, झोपल्या असतील." त्या झोपलेल्या नसणार हे मला पक्कं माहीत होतं.

पुढचं सुहासच्या सहकाऱ्याकडून कळलं. घरमालकाकडून किल्ली घेऊन ओकुदा-साननी आमचा फ्रिज रिकामा केला. आमचा कचरा जळणारा, न जळणारा, काच, डबे असा वेगळा करून ज्याच्या-त्याच्या वारी बाहेर नेला. इराचे पाळणाघरातले बूट धुऊन पुण्याला पाठवले. बुटांबरोबर चिठ्ठी नव्हती. मी आभाराचं पत्र लिहायला घेतलं आणि लाजेनं लिहिलंच नाही. दर वर्षी त्यांचं नवीन वर्षाचं पोस्टकार्ड पुण्याला यायचं. तिसऱ्या वर्षीच्या कार्डावर पत्ता बदललेला होता: होक्काइदो, कुश्शारो तळ्याजवळ, धाकट्या बहिणीकडे. नवरा गेल्याचं एका ओळीत. त्यानंतर कार्ड आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सुहासच्या नव्या नोकरीमुळे आम्ही परत जपानात आलो, तोक्योशेजारच्या इचिकावाला. दोन वर्षं मी "पुढच्या सुट्टीत जाऊ" म्हणत काढली. शेवटी एकदा पत्र पाठवलं. उत्तर एका ओळीचं: 'गुरुवारी दोन वाजता घरी आहे.' एवढंच. जपानी पत्रात आधी हवापाण्याची चौकशी असते, शेवटी तब्येतीला जपा असतं. यात काहीच नव्हतं.

(ओकुदा हे नाव मी बदललं आहे. बाकीचं लिहायला त्यांची परवानगी आहे. "लिहा की, इथे तुमची अक्षरं कोणाला वाचता येतायत," असं त्याच म्हणाल्या.)

सोमवार, बिहोरोचा घाट

जून संपत आला होता. तोक्यो घामाने चिकचिकत होतं, आणि मेमानबेत्सुच्या छोट्याशा विमानतळावर उतरलो तर स्वेटर हवा अशी हवा. भाड्याची गाडी घेतली. रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना बटाट्याची आणि बीटची शेतं, मैलोन्‌मैल माणूस नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला इतकी मोकळी जागा बघून आधी बरं वाटतं, मग उगाच धास्ती वाटायला लागते.

घाटमाथ्यावर गाडी लावली आणि चढण चढून वर गेलो. वारा असा की इराला मी दंडाला धरून ठेवलं. आणि समोर कुश्शारो. हजारो वर्षांपूर्वी एक अवाढव्य ज्वालामुखी फुटून खचला, त्या खळग्यात साठलेलं हे पाणी. मध्ये एक बेट, काठाने जंगल, आणि त्या सगळ्याला वेढणारी डोंगराची कड. आपण उभे असतो तीच ती कड, हे कळायला मला थोडा वेळ लागला. पायाखाली एवढं काही होऊन गेलंय आणि वर गवत डुलतंय. सुहास फोटो काढत होता. मी मात्र समोरच्या काठावरची घरं शोधत होते. त्यातलं एक त्यांचं असणार होतं.

खाली दुकानात काडीला टोचलेले तळलेले गोळे मिळत होते. आत बटाटा आहे असं विक्रेत्या बाईंनी सांगितल्यावर मी हरखले. बटाटेवडाच तो! एक मोठा घास घेतला आणि तोंड वाकडं झालं. वरचं आवरण चक्क गोड. बाई उत्सुकतेने बघत होत्या, म्हणून "ओइशी, ओइशी", म्हणजे मस्त, मस्त, म्हणत सगळा संपवला. सुहास हसून हसून बेजार. इराने तीन खाल्ले.

मंगळवार, कावायु आणि इओझान

कावायु हे गरम पाण्याचं गाव. रस्त्याच्या कडेने जो ओढा वाहतो तोच गरम. सकाळी सगळ्या गावावर वाफ, आणि नाकात उकडलेल्या अंड्याचा वास. आम्ही उतरलो होतो त्या घरगुती खानावळीच्या मालकीणबाईंनी दारातच एक बरणी ठेवली होती. तिच्यात गावचं पाणी आणि एक लोखंडी खिळा. खिळ्याची सुई झाली होती. "दहा दिवसांत," बाई अभिमानाने म्हणाल्या.

सार्वजनिक स्नानगृहात सगळ्या बायकांबरोबर उघड्याने उतरायची माझी इतक्या वर्षांत छाती झालेली नाही. इरा खुशाल उतरते आणि मला म्हणते, "आई, कोणी बघत नाही गं." मी आपली ओढ्याकाठच्या पाय बुडवायच्या हौदावर समाधान मानते. तिथे अर्धा तास पाय सोडून बसले. वर काढले तर पायातली चांदीची जोडवी कोळशासारखी काळी. लग्नातली! मी किंचाळलेच. शेजारच्या आजीबाईंना वाटलं, मला काही चावलं.

खिळ्याचं काय झालंय ते डोळ्यांनी बघून मी चांदी घालून त्याच पाण्यात बसले होते. गंधकाने चांदी काळी पडते हे मी शाळेत शिकलेय, बी.एस्सी. केमिस्ट्री आहे मी. खानावळीत परतल्यावर सुहास नुसता बरणीकडे बघत राहिला. मालकीणबाई मात्र चूक त्यांचीच असल्यासारख्या चारचारदा वाकल्या, टूथपेस्ट घेऊन आल्या आणि जमिनीवर बसून स्वतः जोडवी घासायला लागल्या. "अहो राहू द्या," म्हणून मी किती म्हटलं. जोडवी थोडी उजळली. परक्या बाईने माझी जोडवी घासावी याने मलाच कानकोंडं झालं.

इओझान म्हणजे गंधकाचा डोंगर. गावापासून चालत पोचता येतं, आणि चालतच जावं. आधी बर्चचं रान, मग झाडं खुजी होत जातात, पुढे गुडघ्याएवढ्या पाइनची झुडपं, आणि त्यात पांढऱ्या फुलांचे गुच्छच गुच्छ. एरवी उंच पर्वतांवर वाढणारी ही झाडं इथे सपाटीला वाढतात, कारण या आंबट मातीत दुसरं काही तगत नाही. मग तीही संपतात आणि उघडा, करडा डोंगर समोर येतो. त्याच्या अंगाला जागोजाग भोकं, काठांवर लिंबासारखा पिवळा थर, आणि आतून प्रेशर कुकरसारखी वाफ. दगडाला हात लावला तर गरम.

एकेकाळी इथे कैद्यांना आणून गंधक खोदायला लावत. वाफेने त्यांचे डोळे जात, जीव जात. हे सगळं तिथल्या पाटीवर लिहिलेलं आहे. त्याच पाटीशेजारी लोक वाफेवर उकडलेली अंडी खात होते. आम्हीही खाल्ली. चव चांगली होती.

दुपारी माशुला गेलो. माशुचं तळं जपानातलं सगळ्यात नितळ म्हणतात. त्याच्या काठाला उतरायला कोणालाच परवानगी नाही, कड्यावरूनच बघायचं. आम्ही कड्यावर पोचलो आणि खाली धुकं. काठोकाठ भरलेलं, पांढरं, हलेचना. एक म्हातारं जोडपं कठड्याला टेकून शांतपणे धुक्याकडे बघत होतं. आजोबा म्हणाले, "आम्ही पाचव्यांदा आलोय. एकदाही दिसलं नाही."

"मग वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"तळं आहेच की," ते म्हणाले. "आपण आलो, एवढं त्याला कळलं म्हणजे झालं."

नंतर गाडीत बसल्यावर वाटलं, पाच वेळा येणारी माणसं वेगळी आणि सात वर्षं तोंड लपवणारी वेगळी.

बुधवार, शिरेतोको

हा होक्काइदोचा ईशान्य कोपरा, समुद्रात घुसलेली ज्वालामुखींची रांग. पाच तळ्यांपाशी लाकडी पुलावरून चालायचं, पुलाला विजेच्या तारा, कारण खाली अस्वलांचं राज्य. पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या तरुण राखणदार बाईंना इराने जपानीत विचारलं, "आज अस्वल दिसेल का?" त्या म्हणाल्या, "नाही दिसलं तर अस्वलाचा दिवस चांगला गेला असं समज." दिसलं नाही. हरणं दिसली, आणि पाण्यात उलटे पडलेले बर्फाचे पट्टे असलेले डोंगर. इतकी शांतता की इरासुद्धा बोलायची थांबली.

पुढे घाटात उतरलो तर समुद्रापलीकडे जमिनीची लांब निळी रेघ. कुनाशिरी बेट. आता रशियाकडे आहे. कठड्याशी एक गृहस्थ उभे होते. त्यांची आई त्या बेटावर जन्मली, पण युद्धानंतर सगळ्यांनाच तिथून निघावं लागलं. "शेजाऱ्यांचा निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही म्हणायची," ते सहज म्हणाले. सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर मी मोबाइलवर लिहून ठेवलेली जपानी वाक्यं पाठ करत होते. माफीची भाषा जपानीत फार वरच्या पट्टीची असते, आणि माझं जपानी भाजीबाजाराचं. इरा मागून चुका काढत होती. मध्येच तिने विचारलं, "पण आई, सॉरी कशाबद्दल?" मी म्हटलं, "आपण त्यांना न भेटता गेलो होतो." "ओह," म्हणून ती परत खिडकीबाहेर बघायला लागली.

गुरुवार

दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दारात होतो. तळ्यापासून थोडं वर, बसकं लाकडी घर, बाहेर ओळीने लावलेला कांदा. हातात नीट बांधलेली मिठाईची पेटी होती. बेल मी वाजवली.

ओकुदा-सान तशाच. केस तेवढे सगळे पांढरे. त्यांनी आधी इराकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे. "या," म्हणाल्या. बहीण कामाला गेली होती. चटईवर बसलो. मी गुडघ्यांवर बसून, हात टेकून, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले आणि पाठ केलेलं सगळं म्हटलं. मधलं एक वाक्य विसरले. त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मग त्या बोलायला लागल्या. भरभर, खालच्या आवाजात, आणि मला निम्मं कळेना. मी इराकडे पाहिलं. इरा आम्हा दोघींच्या मध्ये सरकून बसली आणि अडखळत मराठीत सांगायला लागली.

"आजी म्हणते, तुम्ही जाणार ते तिला माहीत होतं. लहान मूल आहे, म्हणून जावं, असं ती म्हणते. ते ठीक होतं." इरा थांबली, पुढचं ऐकलं. "पण ती म्हणते, ती दाराच्या मागे होती. तुम्ही बॅग उचलली ना, तो आवाज नसलेला आवाज तिला आला. ती उभी होती. तुम्ही बेल नाही वाजवली." मग तिने मान वळवली आणि स्वतःच विचारलं, "आई, आपण का नाही वाजवली?"

सुहास म्हणाला, "अगं, आपल्याला वाटलं त्या झोपल्या..."

"नाही," मी म्हटलं. सात वर्षं त्यालाही हेच सांगत आले होते. आता पोरीच्या तोंडाकडे बघून परत तेच सांगवेना. "इरा, आपल्या गाडीत आपण चौघं होतो. एक जागा रिकामी होती. मला भीती वाटली, आजी विचारतील म्हणून. मला न्या, असं विचारतील. मला नाही म्हणायचं होतं, आणि तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. सांग त्यांना."

इराचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "इयादा," ती जपानीत म्हणाली. नाही म्हणजे नाही. "हे मी नाही सांगणार. तू सांग."

मग मीच सांगितलं. वरच्या पट्टीचं जपानी कुठल्या कुठे गेलं. 'गाडी. एक जागा. तुम्ही विचाराल. मला भीती. म्हणून बेल नाही.' तीन वर्षांचं पोर बोलेल तसं. सुहास मान खाली घालून बसला होता.

ओकुदा-सान इराला म्हणाल्या, खाली काठावर वाळू खणलीस तर गरम पाणी वर येतं, बाबांना घेऊन जा, खोरं दाराशी आहे. दोघं गेले. दार सरकल्याचा आवाज आला. ओकुदा-साननी माझ्या कपात चहा ओतला आणि या वेळी एकेक शब्द सुटा करून, मला कळेल असं बोलायला लागल्या. मला त्यातला प्रत्येक शब्द कळला.

"मी रिकाम्या हाताने उभी नव्हते. हातात पिशवी होती. पासबुक, एक स्वेटर. आदल्या दिवसापासून भरून ठेवलेली."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माझ्या नवऱ्याला हलवता येत नव्हतं. त्यांना न्या, असं मी विचारलंच नसतं. मी माझ्यासाठी विचारलं असतं. सहा वर्षं झाली होती, मेधा-सान. सहा वर्षं रात्री मी सलग झोपले नव्हते. आतल्या खोलीत ते हाक मारत होते आणि मी पायात बूट घालून दाराशी उभी होते. बेल वाजली असती तर मी आले असते. त्यांना तिथे टाकून."

चहाची वाफ थांबली होती. बाहेर कुठेतरी कोकिळेसारखा पक्षी ओरडत होता.

"तुम्ही खाली उतरलात. गाडी गेली. मग मी बूट काढले आणि आत जाऊन त्यांना पाणी पाजलं. राग आला तुमचा, फार आला. तुमचा फ्रिज रिकामा करताना, रोज तुमचा कचरा नेताना यायचा. बहिणीलाही हे ठाऊक नाही." त्यांनी माझा कप पुढे सरकवला. "ते अजून दोन वर्षं जगले. शेवटी दुसऱ्या कोणाच्या हातून जेवायचे नाहीत."

मी माफी मागायला गेले होते, आणि आता कोणी कोणाची मागायची तेच कळेना. मी उठले, चटईवरून त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. जपानात असा कोणी कोणाचा हात धरत नाही. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.